चकमकीतील साळिंदर

आपल्याकडे मूल जन्मले म्हणजे बाराव्या दिवशी त्याचे बारसे होते आणि आत्याने कानात सांगितलेले नाव ते जन्मभर वागवते. आज आम्ही ज्या जीवाची हकीकत सांगणार आहोत त्याचे नशीब इतके सरळ नव्हते. त्याचे पहिले बारसे बर्लिन येथे १८३७-३८ च्या सुमारास झाले. पुढे सव्वाशे वर्षांत तीन वेळा त्याचे आडनाव बदलले. आणि एवढ्या अवधीत तो प्राणी आहे की वनस्पती, स्वतंत्र जीव आहे की दुसऱ्याच कोणाचे अंडे, हे कोणालाच निश्चितपणे सांगता येत नव्हते. नाव होते, चित्रे होती, मोजमापे होती, मोठमोठ्या ग्रंथांत स्थान होते. नव्हती ती फक्त ओळख. नाव ठेवणे आणि ओळख पटणे या दोन गोष्टी आपण व्यवहारात एकच समजतो. त्या एक नव्हेत, हे या धुळीच्या कणाएवढ्या जीवाने विद्वानांना शिकविले. ती कथा आम्ही येथे सांगणार आहोत.

प्रथम हा जीव दिसतो कसा ते पाहू. मधोमध एक लंबगोल पोकळ कुपी आणि तिच्या अंगावर सर्व बाजूंनी उभे राहिलेले काटे. काट्यांची टोके साधी नसतात. त्यांना झाडाच्या डहाळीसारखे फाटे फुटलेले असतात. कुपीची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायची, आणि ती साधारण तीसपासून पन्नास भरते. म्हणजे असे पंचवीस जीव एका ओळीत शेजारी शेजारी बसविले तर जेमतेम एक मिलिमीटर होईल. नुसत्या डोळ्यांनी ते दिसण्याची सोय नाही.

हे सापडले ते चकमकीच्या दगडात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे पांढरे कडे पुष्कळांनी चित्रांत पाहिले असतील. ते कडे खडूचे आहेत, आणि त्या खडूच्या थरांतून चकमकीचे काळसर गोटे रांगेने बसलेले आढळतात. हा खडू सुमारे दहा कोटी ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रांत साचला. ज्या लाव्हाचा आपला सह्याद्री बनला तो लाव्हा ओसंडू लागला त्या वेळी हे खडूचे युग मावळतीला आले होते. तापलेल्या लाव्हाच्या पाषाणात असल्या नाजूक जीवाचा मागमूस उरत नाही. म्हणून या हकीकतीसाठी आपणांस सह्याद्री सोडून युरोपात जाणे भाग आहे.

बर्लिनचे प्राध्यापक क्रिस्टियान गॉटफ्रीड एरेनबेर्ग हे या कथेतले पहिले पुरुष. त्यांचा जन्म १७९५ चा. तरुणपणी त्यांनी इजिप्त, अरबस्तान, तांबडा समुद्र हा मुलूख पालथा घातला. १८२९ मध्ये हुंबोल्ट यांच्याबरोबर ते सायबेरियापर्यंत जाऊन आले. परंतु त्यांचा खरा प्रवास सूक्ष्मदर्शक यंत्राच्या नळीतून झाला. थेंबभर पाण्यात, चिमूटभर मातीत, डबक्यात, समुद्रात जे जे जिवंत म्हणून हालते ते पाहावे, त्याचे चित्र काढावे आणि त्याला नाव द्यावे, हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. कोकणच्या किनाऱ्यावर काही रात्री लाट फुटताना निळसर उजेड चमकून जातो, तो आमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. समुद्राच्या त्या चमकण्यावरही एरेनबेर्ग यांनी प्रबंध लिहिला होता. तो उजेड ज्यांच्यामुळे पडतो त्या सूक्ष्म जीवांपैकी काहींना आज आपण डायनोफ्लॅजेलेट म्हणतो. हा शब्द लक्षात ठेवावा. कथेच्या शेवटी तोच आपल्या उपयोगी पडणार आहे.

जुलै १८३६ मध्ये एरेनबेर्ग यांनी बर्लिनच्या अकादमीपुढे आपली नवी निरीक्षणे मांडली. चकमकीच्या पातळ, पारदर्शक कपच्या यंत्राखाली धरल्या असता त्यांत दोन प्रकारचे सूक्ष्म जीव अडकलेले दिसतात, असे त्यांनी सांगितले. एक प्रकार होता आजच्या समुद्रातल्या पेरिडिनियम नावाच्या जीवासारखा. हे त्यांचे निदान अगदी बरोबर होते. दुसरा प्रकार काट्यांच्या कुप्यांचा. त्यांना त्यांनी झँथिडियम या वंशात घातले. झँथिडियम हे गोड्या पाण्यातले हिरवे शेवाळ. त्याच्याही अंगावर काटे असतात. काट्याला काटा जुळला आणि बारसे उरकले! ज्यांच्या काट्यांना फांद्या होत्या त्यांना त्यांनी 'रामोसम', म्हणजे फांद्यांचे, असे म्हटले. येथे एवढे सांगितले पाहिजे की शास्त्रीय नावात आडनाव आधी येते आणि व्यक्तिनाम मागून. झँथिडियम हे आडनाव, रामोसम हे व्यक्तिनाम.

आता गोड्या पाण्यातले शेवाळ खाऱ्या समुद्रात साचलेल्या खडूत कसे आले? प्रश्न साधा होता, पण त्यावर पुढे कित्येक वर्षे कोणी नेट धरला नाही. दोष एकट्या एरेनबेर्ग यांचा नाही. जी खूण सर्वांत ठसठशीत दिसते तिच्यावरून ओळख ठरवावी हा मनुष्यस्वभाव आहे. दाढी पाहून बुवा ठरविणारे लोक आपल्यातही थोडे नाहीत.

इंग्लंडात या बातमीने हौशी लोकांत एकच उत्साह पसरला. सूक्ष्मदर्शक यंत्र त्या वेळी सुखवस्तू घरांतून शिरू लागले होते आणि चकमक तर दाराबाहेर पडलेली. रीड नावाच्या पाद्र्याने १८३८ मध्ये, व्हाइट नावाच्या गृहस्थाने १८४२ मध्ये या काटेरी जीवांवर लेख लिहिले. पण सर्वांत तीक्ष्ण नजर निघाली ती गिडियन मँटेल या डॉक्टराची. ससेक्स परगण्यातील लुइस गावच्या एका चांभाराचा हा मुलगा. रोग्यांच्या घरी फिरता फिरता दगड गोळा करी. इग्वानोडॉन या अजस्र सरड्याचे दात ओळखून १८२५ मध्ये त्याला नाव देणारे मँटेल ते हेच. एवढ्या प्रचंड प्राण्याचा शोध लावणारा मनुष्य पुढे मिलिमीटरच्या पंचविसाव्या हिश्श्याकडे वळला, यात आम्हांला त्याचा मोठेपणा दिसतो.

एरेनबेर्ग यांची समजूत अशी होती की या जीवांचे कवच गारेचे आहे. मँटेल यांनी १८४५ मध्ये दाखवून दिले की तसे नाही. कित्येक कुप्या चुरगळलेल्या, दुमडलेल्या, फाटलेल्या दिसतात. गारेचे कवच फुटेल, पण दुमडणार कसे? त्याच सुमारास हेन्री डीन नावाच्या औषधविक्रेत्याने फोकस्टोनचा खडू आम्लात विरघळवून ह्या कुप्या मोकळ्या केल्या. त्या लवचिक निघाल्या. म्हणजे ते कवच नखाशिंगासारख्या एखाद्या चिवट सेंद्रिय पदार्थाचे होते. मग हे झँथिडियम नव्हे, असे ठरवून १८५० मध्ये मँटेल यांनी एका चित्रसंग्रहात त्यांना नवे आडनाव दिले: स्पिनिफेराइटिस, म्हणजे काटे धारण करणारे. हे नाव लिहिणारा हात त्या वेळी सुखात नव्हता. १८४१ मध्ये गाडीच्या अपघातात मँटेल यांच्या पाठीच्या कण्यास जबर इजा झाली होती, आणि त्या वेदना त्यांनी अखेरपर्यंत सोसल्या. १८५२ मध्ये त्यांचे निधन झाले. पुस्तके राहिली, त्यांतले हे नाव मात्र लोक विसरून गेले.

पुढची ऐंशी वर्षे या जीवांना वालीच नव्हता म्हटले तरी चालेल. जो तो आपल्या विषयाच्या खिडकीतून त्यांच्याकडे पाही. कोणी म्हणे ही समुद्रातल्या कवचधारी जलचरांची अंडी आहेत, तर कोणी त्यांचा संबंध स्पंजांशी जोडी. प्रत्येकाला थोडेफार साम्य सापडे आणि प्रत्येकाचे समाधान होई. १९३३ मध्ये ओटो व्हेत्सेल या जर्मन अभ्यासकाने बाल्टिक प्रदेशातल्या चकमकींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी या कुप्यांसाठी नवे आडनाव काढले: हिस्ट्रिकोस्फिअरा. ग्रीक भाषेत 'हिस्ट्रिक्स' म्हणजे साळिंदर. साळिंदर-गोल! नाव इतके चपखल होते की ते सर्वांच्या तोंडी बसले. पॅरिसचे देफ्लांद्र, जर्मनीचे आयझेनाक, मेलबर्नच्या इझाबेल कुकसन या अभ्यासकांनी पुढील पंचवीस वर्षांत निरनिराळ्या देशांतल्या दगडांतून शेकडो साळिंदर-गोल शोधून काढले, त्यांची चित्रे काढली, जाती पाडल्या. ते काम भक्कम होते. पण हे आहेत तरी कोण, या प्रश्नाला उत्तर एकच: साळिंदर-गोल हे साळिंदर-गोल आहेत. अज्ञानाला सुंदर नाव मिळाले की ते ज्ञानासारखे दिसू लागते. धोका असतो तो तेथेच.

हे कोडे कसे सुटले ते समजण्यासाठी आता त्या चमकणाऱ्या समुद्राकडे परत गेले पाहिजे. डायनोफ्लॅजेलेट या शब्दाचा अर्थ गरगर फिरणारा चाबूकवाला. हा एका पेशीचा जीव. त्याला चाबकासारख्या दोन शेपट्या असतात. एक त्याच्या कमरेभोवतीच्या खोबणीत कमरपट्ट्यासारखी गुंडाळलेली असते, दुसरी खालच्या बाजूने मागे लोंबते. दोन्ही हलल्या म्हणजे हा भोवऱ्यासारखा फिरत पुढे जातो. यांपैकी पुष्कळांच्या अंगावर चिलखत असते, आणि ते चिलखत अनेक छोट्या पट्टिका एकमेकींस जोडून बनविलेले असते. या पट्टिका वाटेल तशा नसतात. डोक्यावर किती, कमरपट्ट्याच्या वरच्या ओळीत किती, खालच्या ओळीत किती, हे प्रत्येक वंशाचे ठरलेले असते. कॅलिफोर्नियाचे प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स कोफॉइड यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या पट्टिकांना क्रमांक देण्याची पद्धत घालून दिली. घरपट्टीच्या वहीत जसे प्रत्येक घराला नंबर असतात तसे प्रत्येक पट्टिकेला नंबर मिळाले. आजही या शास्त्राचा सारा व्यवहार त्या नंबरांवर चालतो.

परंतु एक अडचण होती. हे चिलखत मुख्यतः सेल्युलोजचे, म्हणजे कापसाच्या जातीच्या पदार्थाचे. जीव मेला की ते लवकरच कुजून जाते. मग खडकात उरणार काय?

उत्तर दिले ते विल्यम एव्हिट या अमेरिकन शास्त्रज्ञाने. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथे एका तेल कंपनीच्या संशोधनशाळेत ते काम करीत. जमिनीत खोल भोक पाडताना जो दगडाचा चुरा वर येतो त्यात मोठे जीवाश्म पिठासारखे दळले जातात. सूक्ष्म जीवाश्म मात्र शाबूत राहतात. त्यावरून कोणता थर किती जुना हे ठरते. म्हणून तेलवाल्यांना या साळिंदरांत रस. एव्हिट यांचा पूर्वीचा विषय होता ट्रायलोबाइट, म्हणजे समुद्रातले एक फार प्राचीन कवचधारी प्राणी. त्यांच्यावर १९५४ मध्ये त्यांनी व्हिटिंग्टन यांच्याबरोबर ग्रंथ लिहिला होता. ट्रायलोबाइट वाढताना आपले कवच टाकून देत, त्यामुळे त्यांच्या अभ्यासकाला टाकलेले कवच आणि मेलेला जीव यांतला फरक पाहण्याची सवय असते. ही सवयच येथे कामी आली असावी असे आम्हांला वाटते.

एव्हिट यांनी काट्यांकडे पाहण्याआधी भोकाकडे पाहिले. बहुतेक साळिंदरांच्या अंगाला एक भोक असते. ते पूर्वीच्या अभ्यासकांच्या डोळ्यांखालून शेकडो वेळा गेले होते, परंतु मोडतोड म्हणून किंवा किरकोळ गोष्ट म्हणून ते बाजूला पडले होते. एव्हिट यांनी विचारले: मोडतोड असेल तर ती नेहमी एकाच जागी, एकाच आकाराची आणि इतक्या नीटस कडांची कशी? कधीकधी तर त्या भोकाचे झाकण कुपीच्या आत पडलेले सापडते आणि ते भोकात बरोबर बसते. म्हणजे हे भोक नव्हे, दार आहे. १९६१ मध्ये त्यांनी त्याला आर्किओपाईल असे नाव दिले; ग्रीकमध्ये त्याचा अर्थ प्राचीन दार असाच होतो. आणि या दाराची जागा व आकार कोफॉइड यांच्या नंबरांशी ताडून पाहता ती एका पट्टिकेशी जुळली. आपल्या साळिंदराचे दार म्हणजे कमरपट्ट्यावरच्या ओळीतल्या सहा पट्टिकांपैकी तिसरी, पाठीच्या मधोमध असलेली पट्टिका.

मग काट्यांचाही अर्थ लागला. आपल्या गावात तीन रस्ते मिळतात तेथे तिठा होतो. चिलखतातही तीन पट्टिकांच्या कडा जेथे मिळतात तेथे तिठा होतो. साळिंदराचे मुख्य काटे नेमके अशा तिठ्यांवर उभे असतात, आणि तिठ्यावरच्या काट्याच्या टोकाला बहुधा तीन फाटे असतात. दोन पट्टिकांमधल्या सरळ सीमेवर काटा असला तर त्याला बहुधा दोनच. जमिनीच्या हद्दीवर दगड रोवावेत तसे हे काटे पट्टिकांच्या हद्दीवर रोवलेले आहेत. चिलखत कधीच कुजून गेले. पण हद्दीचे दगड जागच्या जागी उभे आहेत आणि त्यांवरून सारा नकाशा पुन्हा काढता येतो! एरेनबेर्ग यांनी ज्या फांद्या पाहून 'रामोसम' हे नाव ठेवले त्या फांद्यांतच जीवाचे कूळ लिहिलेले होते. सव्वाशे वर्षे ती लिपी सर्वांसमोर होती. वाचता कोणालाच आली नव्हती.

निष्कर्ष असा निघाला की साळिंदर हा स्वतंत्र प्राणी नव्हेच. डायनोफ्लॅजेलेटांपैकी काही जाती आयुष्याच्या एका टप्प्यावर, पुष्कळदा दोन पेशींच्या मीलनानंतर, चिलखताच्या आत एक चिवट कोश तयार करतात. त्या कोशात त्या झोपी जातात आणि समुद्रतळाच्या गाळात पडून राहतात. अनुकूल काळ आला म्हणजे दार उघडून जीव बाहेर पडतो. मागे राहते ते रिकामे घर. त्याची भिंत इतकी टिकाऊ पदार्थाची असते की कोट्यवधी वर्षे ती नाश पावत नाही. एरेनबेर्ग ते आयझेनाक या सर्वांनी जपून मोजमापे घेतली ती या घरांची. घरमालक तर त्यांतून केव्हाच निघून गेला होता.

१९६३ च्या प्रबंधात एव्हिट यांनी आणखी एक गोष्ट केली आणि तिचे मोल आम्हांला पहिल्या शोधाइतकेच वाटते. सर्वच साळिंदर डायनोफ्लॅजेलेट ठरत नव्हते. कित्येकांवर, विशेषतः फार जुन्या खडकांतल्यांवर, पट्टिकांचे चिन्ह नव्हते की ओळखीचे दार नव्हते. त्यांनाही याच घराण्यात ढकलून देण्याचा मोह कोणास झाला असता. एव्हिट यांनी त्यांच्यासाठी ॲक्रिटार्क असा वेगळा गट केला; अर्थ, ज्यांचे मूळ अनिश्चित ते. आम्हांला ठाऊक नाही, असे लिहिलेला एक खण त्यांनी शास्त्राच्या कपाटात उघडपणे ठेवला. तो खण आजही वापरात आहे. वर्गीकरणात प्रामाणिकपणा म्हणून काही असेल तर तो हाच.

तरीही हे सारे अनुमान होते. रिकाम्या घरावरून मालक ओळखला, पण मालक दाराबाहेर पडताना कोणी पाहिला? ती साक्ष मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुड्स होल येथे मिळाली. डेव्हिड वॉल आणि बॅरी डेल यांनी समुद्रातून जिवंत कोश मिळविले. त्यांतले काही हुबेहूब खडकातल्या साळिंदरांसारखे होते. ते वेगळे काढून समुद्राच्या पाण्यात, योग्य उजेडात ठेवले. कोशाचे दार उघडले, आतून जीव पोहत बाहेर आला, आणि वाढवलेल्या जीवाच्या अंगावरचे चिलखत तपासता तो गोनिऑलॅक्स या जिवंत वंशातला डायनोफ्लॅजेलेट निघाला. १९६६ ते १९६८ या काळात हे प्रसिद्ध झाले. अनुमानाला प्रत्यक्षाची जोड मिळाली.

राहिला नावाचा प्रश्न. वनस्पतींच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम या कोशांना लागू होतात, आणि त्यांतला मुख्य नियम ज्येष्ठतेचा: रीतसर प्रसिद्ध झालेले सर्वांत जुने नाव खरे. नावे चाळताना असे आढळले की व्हेत्सेल यांच्या १९३३ च्या साळिंदर-गोलाआधी ८३ वर्षे मँटेल यांनी याच जीवांना नाव देऊन ठेवले आहे. १९६६ मध्ये लोब्लिक पितापुत्रांनी आपल्या सूचीत ते नाव वर आणले, आणि १९७० मध्ये विल्यम सार्जंट यांनी स्पिनिफेराइटिस वंशाची व्याख्या नव्या ज्ञानाच्या आधारे पुन्हा लिहिली. साळिंदर हे लाडके नाव सर्वांना सोडावे लागले. आज ही जाती स्पिनिफेराइटिस रामोसस म्हणून ओळखली जाते. नावापुढे प्रथम एरेनबेर्ग यांचे नाव कंसात आणि नंतर मँटेल यांचे नाव, १८५४ या सालासह, लिहिण्याचा प्रघात आहे. कारण दोन्ही नावांची जोडणी मँटेल यांच्या मरणोत्तर निघालेल्या आवृत्तीतच झालेली होती. ज्याने चूक निदान केले पण प्रथम पाहिले, त्याचाही मान राखला जातो. आणि ज्याचे नाव जग विसरले होते त्याचेही देणे चुकते केले जाते. कोर्टातला निकाल शंभर वर्षांनी लागला तर आपण हळहळतो. येथे १२० वर्षांनी लागला आणि कोणी तक्रार केली नाही.

एक गुंता मात्र उरलाच. पोहणाऱ्या जीवाचे नाव गोनिऑलॅक्स आणि त्याच्याच कोशाचे नाव स्पिनिफेराइटिस. एका जीवाला दोन नावे! खडकात पोहणारा जीव सापडत नाही आणि एकसारख्या दिसणाऱ्या कोशांतून वेगवेगळ्या जातींचे जीव निघू शकतात. म्हणून दोन्ही नावे आजही चालू ठेवलेली आहेत. सोयीसाठी ठेवलेला हा दुटप्पीपणा आहे, पण तो सर्वांसमक्ष मान्य केलेला आहे.

आज एखाद्या अभ्यासकाला नवा कोश सापडला तर तो काय करतो, हे ऐकण्यासारखे आहे. दगडाचा तुकडा प्रथम एका आम्लात टाकून त्यातला चुना काढतात, मग काचही खाणाऱ्या दुसऱ्या आम्लात टाकून वाळूगार काढतात. हे काम जिवावरचे. फार जपून करावे लागते. उरलेला गाळ काचपट्टीवर घेतात. मग कोशाचे वर्णन: भिंत किती थरांची, काटे कोठे आणि किती फाट्यांचे, दार कोणत्या पट्टिकेचे, किती नमुने मोजले, त्यांत लहानात लहान व मोठ्यात मोठा केवढा. जवळच्या प्रत्येक जातीहून तो कशाने वेगळा, हेही लिहावे लागते. दगड कोठला, कोणत्या थरातला, नावाचा अर्थ काय हेही सांगावे लागते. शेवटी एकच नमुना निवडून तो या नावाचा कायमचा धनी ठरवितात आणि त्याची काचपट्टी संग्रहालयात ठेवतात, म्हणजे पुढे शंका आली तर कोणीही जाऊन पाहावे. एरेनबेर्ग यांच्या काचपट्ट्या बर्लिनच्या संग्रहालयात आजही जतन केलेल्या आहेत, त्या याचसाठी. शास्त्रज्ञाच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवावा अशी अपेक्षाच नसते. पुरावा मागे ठेवून जायचे असते.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. तेलाचे कारण वर आले आहे. दुसरे कारण आपल्या किनाऱ्याच्या अधिक जवळचे आहे. काही डायनोफ्लॅजेलेट विषारी असतात. त्यांची एकदम वाढ झाली की शिंपल्या-तिसऱ्यांत ते विष साचते आणि खाणाऱ्याला बाधते. १९८३ मध्ये मंगळूरच्या बाजूला अशी विषबाधा झाली होती. यांतल्या कित्येक जातींचे कोश गाळात झोपलेले असतात. बंदराच्या गाळातला कोश कोणाचा हे ज्याला ओळखता येते तो धोक्याची सूचना आधी देऊ शकतो. आणि त्यांची झोप तरी केवढी! स्वीडनच्या एका खाडीतल्या गाळात सुमारे शंभर वर्षे पडून राहिलेले कोश पुन्हा जिवंत झाल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पणजोबांच्या काळात झोपलेला जीव आपल्या काळात जागा झाला.

परंतु उपयोगाच्या हिशेबापेक्षा आम्हांला या कथेतली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. सव्वाशे वर्षे शहाण्यासुरत्या माणसांनी काटे मोजले. काटे डोळ्यांत भरणारे होते. दार दिसत होते, पण ते उणीव म्हणून दिसत होते. ज्या दिवशी कोणीतरी त्या उणिवेला अर्थ असू शकेल असे मानले त्या दिवशी काट्यांनाही अर्थ आला. आपणही रोज माणसांना नावे ठेवतो, दोन्ही अर्थांनी. गावात, घरात, समाजात कोण कोणत्या जातीचा, कोणत्या लायकीचा, हे आपण अंगावरच्या काट्यांवरून ठरवून मोकळे होतो. पुढच्या वेळी निकाल देण्यापूर्वी एवढेच पाहावे, की जिला आपण मोडतोड म्हणतो आहोत ती त्याच्या घराच्या दाराची जागा तर नसेल?